मोगादिशूला सल्लागार म्हणून जाण्याआधी

मेजरसाहेब, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. सोमाली लष्कराच्या सल्लागाराचं काम प्रत्यक्षात कसं असतं, वहिनी आणि मुलीला नैरोबीत आणावं का, आणि करारात काय बघावं. मी २०१५ ते २०२१ हेच काम केलं आणि आता नैरोबीत स्थायिक आहे. खरा वेळ पहिल्याच प्रश्नाला लागेल.

तुम्ही राष्ट्रीय रायफल्समध्ये दोनदा होता, मणिपूरही केलंत. मीही तसाच अनुभव घेऊन गेलो होतो आणि या प्रकारची लढाई आपल्याला येते असं धरून चाललो होतो. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त नुकसान त्याच समजुतीने केलं. काश्मीरमधल्या कुपवाड्यात आपला जवान बाहेरचा असतो. गावात त्याचा चुलता नसतो, शेताचा वाद नसतो. रेशन वेळेवर येतं, पगार न चुकता जमा होतो, घरी काही झालं तर सुभेदारसाहेब रजेचं बघतात. हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते आहे हेच लक्षात येत नाही. सोमालियात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. तिथला शिपाई ज्या रस्त्यावर नाका लावतो, त्या रस्त्यावरून त्याच्या आईच्या माहेरची माणसं जातात.

एक प्रसंग सांगतो. मी ज्या बटालियनसोबत होतो, तिच्या सीओला, म्हणजे कमांडिंग ऑफिसरला, मी एका रस्त्यावर रात्री दबा धरून हल्ला करण्याचा (अँबुशचा) आराखडा करून दिला. तो हो म्हणाला. रात्री कोणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हो, पुन्हा काही नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या कनिष्ठ अधिकाऱ्यांसमोर आवाज चढवला. त्याने शांतपणे चहा संपवला आणि पुढचे तीन आठवडे माझ्याशी कामाचं एक वाक्य बोलला नाही. मग दुभाष्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. तो रस्ता एका उपकुळाच्या चराऊ रानातून जात होता आणि बटालियनमधल्या पोरांच्या कुळाशी त्यांचा एका खुनाचा हिशेब बाकी होता. तिथल्या रूढीच्या कायद्याला हीर म्हणतात. एका पुरुषाच्या जिवाची परंपरेने ठरलेली भरपाई शंभर उंट, आणि ती सगळं कुळ मिळून भरतं. ते मिटायच्या आत या पोरांनी तिथे रात्री गोळी चालवली असती, तर ती सरकारची गोळी ठरली नसती. सीओने मला नाही म्हटलं नव्हतं, कारण पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. त्यानंतर आराखडा काढण्याआधी मी एवढंच विचारायचो: इथून कोण जातं, आणि त्याचं तुमच्याशी नातं काय?

सल्लागाराच्या हातात हुकूम नसतो. वर्षानुवर्षं हुकूम दिलेल्या माणसाला हे समजायला फार वेळ लागतो. तुमच्याकडे माणसं नाहीत, शिक्षा नाही, बढती नाही. समोरच्याला तुमच्याशी बोलावंसं वाटतं की नाही, एवढंच तुमचं भांडवल. म्हणून सकाळचा बराच वेळ चहात जातो. त्यांचा चहा, म्हणजे शाह, वेलची-दालचिनी घातलेला आणि भरपूर गोड असतो, आपल्याला जड जात नाही. भारतीय असण्याचाही उपयोग होतो. मोगादिशूतली जुनी पिढी हिंदी सिनेमे बघत मोठी झाली आहे. १९९३-९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपली ब्रिगेड तिथे होती, तिने खणलेल्या विहिरींची आठवण बायदोआ शहराकडच्या एका म्हाताऱ्याने मला स्वतःहून काढून दाखवली. सोमाली भाषा शिका. १९७२ पासून ती रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे वाचायला पटकन जमते. फक्त एक्स हे अक्षर घशातला ह असतो आणि सी हा अरबीतला ऐन, तोही घशातूनच काढायचा. दोनशे शब्द आले तरी दुभाष्या काय गाळतोय ते कळायला लागतं.

डावपेचांपेक्षा मी पगाराच्या मागे जास्त लागलो, आणि तेच माझ्या हातून झालेलं बरं काम मानतो. पगार वरून रोख यायचा तेव्हा तो खाली पोहोचेपर्यंत किती उरेल सांगता येत नसे, आणि हजेरीपटावरची काही नावं प्रत्यक्षात नसायची. बोटांच्या ठशांनी नोंदणी आणि थेट शिपायाच्या खात्यावर पैसे, हा बदल २०१९ च्या सुमारास आला. माझ्या ओळखीच्या एका हवालदाराने फोनवर आलेला संदेश मला तीनदा वाचून दाखवला होता. त्या महिन्यात त्याच्या चौकीतली दोन पळालेली पोरं परत आली. कुठल्याही प्रशिक्षणाने मला असा परिणाम दाखवला नाही.

हे लष्कर ज्या सशस्त्र इस्लामी संघटनेशी लढतं, ती अल-शबाब ऑगस्ट २०११ मध्ये मोगादिशूतून मागे हटली, पण गेली नाही. ती नाक्यांवर कर घेते आणि पावती देते. जमिनीच्या वादासाठी शहरातली माणसंसुद्धा तिच्या न्यायालयात जातात, कारण तिथे निकाल लागतो आणि अमलात येतो. ही क्रूर संघटना आहे. १४ ऑक्टोबर २०१७ चा ट्रक बॉम्ब मी छावणीतून ऐकला, आमच्या खोलीतली भांडी खाली आली. पाचशेहून जास्त माणसं गेली. पण क्रौर्य मोजून लढाई जिंकता येत नाही. लष्कर गाव घेतं, पुढे जातं, आणि मागे ना पोलीस असतो ना न्याय देणारं कोणी. २०२२ मध्ये मध्य सोमालियातल्या हिरान भागात लोकांनीच अल-शबाबविरुद्ध बंदुका उचलल्या. त्यांना मआविसले म्हणतात. मआवीस म्हणजे लुंगी. त्यांच्या साथीने लष्कराने बराच प्रदेश घेतला, पण ऑगस्ट २०२३ मध्ये अल-शबाबच्या हल्ल्यात औसवेनचा लष्करी तळ पडला आणि घेतलेली काही गावं सोडावी लागली. मी तेव्हा नोकरीत नव्हतो. फोनवर नावं कळत गेली, त्यातली दोन मी शिकवलेल्या अधिकाऱ्यांची होती. तुम्ही सुट्टीवर घरी याल, करार संपला की निघाल. ते तिथेच राहतात. हे मनात ठेवूनच त्यांना सल्ला द्या.

तुम्ही राहाल विमानतळाला लागून असलेल्या हलाने छावणीत, भिंतींच्या आत. शहर बख्तरबंद गाडीच्या काचेतून दिसेल. काही सल्लागार महिनोन्‌महिने भिंतीबाहेर न पडता अहवाल लिहितात. तशी नोकरी असेल तर घेऊ नका. मुलाखतीत सरळ विचारा: आठवड्यातले किती दिवस मी बटालियनसोबत असेन?

करारात तीन गोष्टी. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्याला जे कायदेशीर संरक्षण असतं ते खासगी कंपनीच्या माणसाला आपोआप मिळत नाही, तेव्हा तुमचा दर्जा काय हे लेखी घ्या. जखमी झालात तर नैरोबीपर्यंत विमानाने आणण्याचा खर्च कोणाचा, हे बघा. विम्यात युद्धजन्य मृत्यू वगळलेला नाही ना, ते स्वतः वाचा. माझ्या पहिल्या कंपनीने तो वगळला होता आणि मला आठव्या महिन्यात कळलं. भारत सरकारची लागणारी परवानगी कागदावर हातात आल्याशिवाय राजीनाम्याची तारीख देऊ नका.

कुटुंब मोगादिशूत आणता येत नाही. नैरोबी उत्तम आहे: समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटरवर असल्याने हवा छान, पार्कलँड्स-वेस्टलँड्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारा भारतीय समाज, शाळा चांगल्या. अडचण कागदांची आहे. तुमची नोकरी सोमालियातली, म्हणजे केनियाचं वर्क परमिट त्यातून मिळत नाही, आणि ते नसेल तर वहिनींना डिपेंडंट पास, म्हणजे कुटुंबीय म्हणून राहण्याचा परवाना, नाही. पर्यटक म्हणून येऊन मुदती वाढवत राहणं शाळकरी मुलीसाठी योग्य नाही. कंपनीची नैरोबीत नोंदणी आहे का, हे आधी विचारा. सुरक्षेचंही सांगायला हवं. २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलमध्ये ६७ आणि २०१९ मध्ये वेस्टलँड्सजवळच्या हॉटेल संकुलात २१ माणसं अल-शबाबनेच मारली. आम्ही तरीही इथे राहतो, पण हा निर्णय माझ्या पत्नीने सगळं माहीत असताना घेतला होता.

सही करण्याआधी दोघंही आठ दिवस इथे या. आमच्याकडे उतरा. वहिनींचे प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळे असतील, ते त्यांनी माझ्या पत्नीला स्वतः विचारावेत.