वाचकांचे प्रश्न : परदेशातला डॉक्टर भाचा आणि मोखाड्यातला कॅम्प

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझा भाचा अमेरिकेत लहान मुलांचा डॉक्टर आहे, एमबीबीएस इथलंच, मुंबईतलं. बऱ्याच वर्षांपासून त्याच्या मनात आहे की आपल्या लोकांसाठी काहीतरी करावं. यंदा ख्रिसमसच्या सुट्टीत तीन आठवडे येतोय, सोबत दोन डॉक्टर मित्र. पालघरमधल्या मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर फ्री मेडिकल कॅम्प घ्यायचं ठरवलंय, औषधं तिकडूनच आणणार. गाडी आणि जेवणाचं आमच्या महिला मंडळाने अंगावर घेतलंय. पण मंडळातल्याच एक रिटायर्ड नर्सबाई म्हणाल्या, असल्या कॅम्पने काही होत नाही. मला फार वाईट वाटलं. खरंच काही होत नाही का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : काकू, तिकडे सगळं बस्तान बसल्यावरही ज्याला मोखाडा आठवतो त्याला नाउमेद करायचं नाही, हे आधीच सांगते. पण तुमच्या नर्सबाई बोलल्या ते अनुभवाने बोलल्यात, त्यामुळे तेही कानावेगळं करू नका.

पहिला मुद्दा तारखेचा. डिसेंबरात त्या भागात गेलात तर कितीतरी घरांना कुलूप दिसेल. दिवाळी झाली की माणसं लेकराबाळांसकट भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामावर जातात, काही होळीला परततात, काही थेट पाऊस तोंडावर आल्यावर. म्हणजे भाच्याला जी पोरं तपासायचीत ती तेव्हा पाड्यावर नाहीतच, भट्टीवर आहेत. आणि त्यांचे खरे हाल होतात पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, घरातलं धान्य संपत आलेलं असतं, आई दिवसभर लावणीला, त्यात जुलाब आणि न्यूमोनिया, आणि ओढ्याला पाणी आलं की गाडी पाड्यापर्यंत पोचत नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू राज्यभर गाजले होते, तुम्हाला आठवत असेल. तर भाच्याला विचारा, रजा ऑगस्टमध्ये मिळते का. नसेल मिळत आणि डिसेंबरच हवा असेल तर भट्ट्यांवर जा, मुलुंडहून जवळही पडेल. तिथल्या पोरांचं वजन गावच्या अंगणवाडीत व्हायचं ते राहून जातं, लसींची तारीख उलटून जाते, आणि भट्टी ज्या हद्दीत येते तिथल्या यंत्रणेला ही पोरं आपली वाटत नाहीत. तिथे एक बालरोगतज्ज्ञ नुसता वजनकाटा, दंडाचा घेर मोजायची पट्टी आणि लसीची कार्डं बघायला बसला आणि सोबत तिथल्या नर्सताई असल्या तरी भरपूर काम होईल.

दुसरा मुद्दा कॅम्प उठल्यानंतरचा, आणि नर्सबाईंचा रोख इथेच असणार. अशा एका कॅम्पला मी स्वतः होते. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं, बाहेर लांबलचक रांग, फोटो चाललेले. एक आजी उन्हातून चालत आलेली, बीपी १८०/११०. तिला जरा सावलीत बसवून पाणी देऊन दुसऱ्यांदा बीपी बघायला कुणाला वेळ नव्हता. एक स्ट्रिप हातात दिली, पंधरा गोळ्या, नाव इंग्रजीत, तिने ती नीट पदराला बांधली आणि मला विचारलं, "ही संपली की मंग?" या प्रश्नाचं उत्तर कॅम्पमध्ये कुणाकडेच नव्हतं. खरं तर बीपीची साधी गोळी, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. पण तिथल्या मेडिकल ऑफिसरला असा कॅम्प झाल्याचंही माहीत नव्हतं. बीपी, शुगर, फिट्स, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) हे सगळे जन्माचे सोबती, त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन निघून जाणं म्हणजे माणसाला आशा लावून सोडून देणं, आणि मला याचा खरंच राग येतो.

खोकल्याचं तर अजून वाईट. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी, हे भाच्याच्या मित्रांना दहादा सांगा, कारण जिथे टीबी क्वचित दिसतो तिथल्या डॉक्टरचा हात सवयीने अँटिबायोटिककडे जातो, आणि लेव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी पडली तर टीबी काही काळ दबतो, पेशंटला बरं वाटतं, निदान लांबतं, तोवर घरातल्या दोघातिघांना लागण झालेली असते. हे मोखाड्यात तसंच मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दमध्येही.

औषधं तिकडून आणू नका. इथे तीच औषधं स्वस्त आहेत, नावं इथल्या सिस्टरना आणि केमिस्टला ओळखीची आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे की दान दिलेल्या औषधाची मुदत पोचल्यावर किमान वर्षभर तरी शिल्लक हवी, आणि सॅम्पलचे उरलेले डबे घेऊन येणारे नेमकं हेच बघत नाहीत.

मग करायचं काय? आपल्याकडे परदेशात शिकून परत आलेल्या ज्या डॉक्टरांचं काम टिकलं त्यांनी काय केलं ते बघा. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले, तिथे त्यांनी गावातल्या बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्याचं शिकवून उभं केलं. मुंबईतलं उदाहरण हवं तर डॉ. नोशीर अँटिया, इंग्लंडमधून प्लास्टिक सर्जरी शिकून आलेले, जेजेमध्ये कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर ऑपरेशनं केली आणि पुढे समुद्रापलीकडे मांडव्याला गावच्याच बायकांना घेऊन आरोग्याचं काम केलं. अभय आणि राणी बंग अमेरिकेतून जॉन्स हॉपकिन्सचं शिक्षण घेऊन आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत सर्च ही संस्था सुरू केली. तिथे बाळाला न्यूमोनिया आहे का हे अक्षरओळख कमी असलेल्या माणसालाही ओळखता यावं म्हणून त्यांनी श्वास मोजायचं एक साधन बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, बाळाने दहा श्वास घेतले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास, एवढंच गणित, पण ते पाड्यावरच्या बाईच्या हातात गेलं. पुढे ३९ गावांत गावच्याच बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते, १९९९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आपल्या आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बघतात, त्या कामामागे गडचिरोलीचा मोठा हात आहे.

सगळ्यांनी नोकरी सोडून परत यावं असं मी म्हणत नाही, घरदार असतं, पोरांच्या शाळा असतात. पण जो माणूस तिथेच राहणार आहे त्याच्या हातात काय ठेवून जाता येईल, हे तीन आठवड्यांसाठी येणाऱ्यानेही विचारलं पाहिजे. म्हणून आजच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावा. कॅम्पची परवानगी मागायला तर लावाच, पण "तुम्हाला कशाची गरज आहे" हेही विचारा. बहुधा ऐकायला मिळेल की जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून हवा द्यायच्या पिशवीने, श्वास कसा द्यायचा याचा सराव नर्सना हवाय, किंवा कुपोषित बाळाला भरती केलं तर आई चार दिवसांत घरी निघून जाते. ती का जाते? घरी दुसरी दोन पोरं असतात, मजुरी बुडते. बुडीत मजुरी द्यायची तरतूद आहे, पण ती हातात वेळेवर पडायला हवी, आणि मागे राहिलेल्या पोरांना बघायला कुणीतरी हवं. काकू, तुमच्या महिला मंडळाला करण्यासारखं काम हे आहे, जेवणाच्या पाकिटांपेक्षा कितीतरी मोलाचं.

आणि भाच्याचं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का ते बघा, दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, परदेशात गेलेले बरेच जण विसरतात. मित्र इथे रजिस्टर्ड नसतील तर त्यांनी पेशंट तपासायचे नाहीत, त्यासाठी रीतसर तात्पुरती परवानगी लागते.

प्रश्न : मी मूळचा दादरचा, सध्या इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, डॉक्टर म्हणून काम करतो. प्रत्यक्ष यायला जमत नाही. व्हिडिओ कॉलवरून गोवंडीतल्या पेशंटना सल्ला दिला तर चालेल का?
– एक वाचक, लीड्स

उत्तर : भारताच्या २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत सल्ला देणारा डॉक्टर इथल्या रजिस्टरवर असायला हवा. तुमचं रजिस्ट्रेशन चालू नसेल तर पेशंटला थेट सल्ला आणि प्रिस्क्रिप्शन नको. पण मला विचाराल तर तुमची ताकद पेशंटपेक्षा तिथल्या डॉक्टरांना जास्त उपयोगी आहे. अमेरिकेत डॉ. संजीव अरोरा, भारतीय वंशाचे लिव्हरचे डॉक्टर, न्यू मेक्सिकोमध्ये हे बघत होते की हिपॅटायटिस सीचे पेशंट लांबलांबून त्यांच्या क्लिनिकची महिनोन् महिने वाट बघतात आणि तोवर लिव्हर जातं. २००३ मध्ये त्यांनी खेड्यातल्या आणि तुरुंगातल्या डॉक्टर-नर्सना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवलं, प्रत्येकाने आपली केस मांडायची, चर्चा करायची आणि उपचार तिथेच करायचे. प्रोजेक्ट एको नाव त्याचं. २०११ मध्ये निकाल छापून आले, युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के पेशंट बरे झाले आणि या खेडोपाडीच्या केंद्रांत ५८.२ टक्के. सारखेच म्हणा ना! आता भारतातही ही पद्धत वापरतात. तेव्हा गोवंडीतले दोन-तीन जनरल प्रॅक्टिशनर आणि पालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर गाठा, आठवड्यातला एक ठरलेला तास द्या, रात्री साडेनऊ आपल्याकडे म्हणजे तुमच्याकडे दुपार-संध्याकाळ. पेशंटचं नाव-पत्ता कॉलवर यायला नको, एवढी काळजी घ्या. आणि तुम्हीही त्यांचं ऐका, कारण एका खोलीत सात माणसं राहतात तिथे टीबीच्या पेशंटला वेगळं झोपवायचं कसं हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

प्रश्न : माझी बहीण कॅनडात डॉक्टर आहे, तिला पालघरमधल्या एका संस्थेला पैसे द्यायचेत. थेट बँकेत टाकले तर चालतात का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : तिचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. अजून भारतीयच असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणार असेल तर ते विदेशी देणगीत मोडत नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी, ती विदेशी देणगी होते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन किंवा सरकारची पूर्वपरवानगी हवीच. असे पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. २०२० पासून एक संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, म्हणून मोठ्या संस्थेला देऊन पाड्यावरच्या छोट्या गटाला पोचवू हा विचार तिने सोडावा. आणि तिला सांगा, इमारतीपेक्षा एखाद्या नर्सचा पगार तीन वर्षं देता आला तर तो द्यावा. इमारतीला देणगीदार मिळतात, पगाराला मिळता मिळत नाहीत.