पुन्हा घे

प्रिय मुली,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला आणि मग मला झोप लागली नाही. प्रोड्यूसर म्हणतोय, सगळे ड्रम्स पुन्हा वाजव आणि क्लिकवर, म्हणजे कानातल्या एकसारख्या टिकटिकीवर वाजव. बँडमधली मुलं म्हणतात, पहिल्या टेकमध्ये जीव होता, आता घासत बसलो तर आपण बाजारू ठरू. आणि तू मला विचारतेस, "दादा, कोणाचं ऐकू?"

पुन्हा घे. तुझ्या हातात गुण आहे वगैरे मी सांगत बसणार नाही, ते तुला माहीत आहे. पुन्हा घे.

ब्लाँडी या अमेरिकन बँडचं 'हार्ट ऑफ ग्लास' तू गॅदरिंगला वाजवलंस. ते ज्या अल्बममधलं, तो 'पॅरलल लाइन्स' कसा झाला हे मात्र तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. 1978 चा उन्हाळा, न्यूयॉर्कचा रेकॉर्ड प्लँट स्टुडिओ. बँड सीबीजीबीमधून वर आलेला. सीबीजीबी म्हणजे बावरी रस्त्यावरचा एक कळकट बार, जिथे सफाईदार वाजवणाऱ्याकडेच लोक संशयाने बघत. दोन अल्बम झाले होते. तिसऱ्यासाठी प्रोड्यूसर आला माइक चॅपमन, ब्रिटनमध्ये पॉपची हिट गाणी एकामागून एक देऊन आलेला ऑस्ट्रेलियन माणूस. त्याने एकेक जागा इतक्या वेळा वाजवून घेतली की बँड वैतागला. आणि तरी कंपनीने सहा महिने देऊ केलेले असताना काम सहा आठवड्यांत संपलं. म्हणजे "पुन्हा पुन्हा घेत बसलो तर वर्ष जाईल" हे तुमच्या गिटारवाल्याचं म्हणणं मला सांगू नकोस.

आता हेडफोन लाव आणि ते गाणं ऐक. त्यांच्याकडे ते तीनेक वर्षं पडून होतं. कधी संथ करून बघितलं, कधी रेगेच्या अंगाने, बसत नव्हतं. आपसात त्याला 'डिस्को साँग' म्हणायचे. सुरुवातीला जी टिकटिक येते ती रोलँडच्या सीआर-78 ची, त्याच वर्षी निघालेला ठेक्याचा डबा. त्यावर बँडचा ड्रमर क्लेम बर्कचे ड्रम्स आहेत. बर्क 'द हू' बँडच्या कीथ मून या ड्रमरचा भक्त, चारही हातपाय मोकळे सोडून वाजवणारा. त्याला डब्याच्या बरोबरीने तुकड्यातुकड्याने वाजवायला लावलं. आधी नुसता किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, मग एकेक करून बाकीचं. कल्पना कर, अशा माणसाने नुसता किक वाजवायचा, डब्याच्या ठोक्यावर अचूक ठोका, आणि जरा हलला की परत! आणि एवढं करून मधल्या म्युझिकमध्ये बघ, एक मात्रा गाळली जाते. आठच्या जागी सात. नाचणाऱ्याचा पाय क्षणभर अधांतरी राहतो. ही गंमत तिथे उठून का दिसते? आजूबाजूची प्रत्येक मात्रा जागच्या जागी आहे म्हणून. ढिल्या ठेक्यात तीच मात्रा गाळली असती तर लोक म्हणाले असते, चुकला.

डिस्को केलं म्हणून त्यांच्याच वर्तुळातल्यांनी त्यांना विकले गेलेले ठरवलं. गिटारिस्ट क्रिस स्टाइन सांगतो की खुद्द बर्क ते स्टेजवर वाजवायला आधी तयार नव्हता. 1979 च्या फेब्रुवारीत गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, एप्रिलमध्ये अमेरिकेत, आणि ब्रिटनमध्ये त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच. पण मी खपासाठी म्हणत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये बर्क गेला, त्या रात्री मी ती रेकॉर्ड लावली. तो किक तसूभर ढळलेला नाही. (कव्हरवरचा तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फोटो बँडला आवडला नव्हता, त्यावरून मॅनेजरशी वाजलं. रास्त वाजलं. कव्हरवरून खुशाल भांड. टेकवरून भांडू नकोस.)

आणि तू तर तबल्याकडून आलेली मुलगी! धिरधिरचा एक कायदा वर्षभर घोटलास, बोटं सुजली तरी घोटलास. तेव्हा गुरुजींना म्हणालीस का, की पहिल्या दिवशी वाजला त्यात जीव होता? रियाज पवित्र आणि रीटेक बाजारू, हे कुठलं शास्त्र? रागावतोय, माहीत आहे. पण पहिल्या टेकमध्ये जे वाजतं ती बहुतेक वेळा हाताची सवय असते, इकडूनतिकडून ऐकलेलं. ते संपल्यावर तुझं सुरू होतं. पुन्हा घे.

मी घेतलं नाही. 1994 साली पुण्यात आम्ही चार गाणी रेकॉर्ड करायला गेलो, तासावर पैसे मोजून. रेकॉर्डिस्ट शांतपणे म्हणाला, दुसऱ्या गाण्यात लय पळतेय, एकदा क्लिकवर घेऊ. मी काठ्या उचलल्या आणि बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. आमचं जिवंत आहे, म्हणालो. मित्रांनी माझीच बाजू घेतली. तसंच मिक्स झालं, कॅसेट निघाली. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी जुन्या बाजारात एका रविवारी ती पट्ट्यापट्ट्यांची रेकॉर्ड हाताला लागली. मला काय ऐकू आलं हे मी त्या मित्रांना कधी सांगू शकलो नाही.

आमचा गायक पुढच्या वर्षी नोकरीसाठी शारजाला गेला आणि गाणं सुटलं. त्याच्या आवाजाची आता तेवढी एक कॅसेट उरली आहे. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात तो माझ्यामागे धावतोय, श्वास घ्यायला त्याला जागा नाही. इतका सुरेल पोरगा. ती जागा मी खाल्ली.

म्हणून पुढची पंचवीस वर्षं रेकॉर्डिंगच्या काचेमागे बसून मी लोकांकडून पुन्हा घेतलं. एका मुलीकडून एक ओळ बावीस वेळा. ती रडली, परत माझ्याकडे आली नाही. मी कठोर आहे असं मागे बोललं गेलं, तुझ्याही कानावर आलं असेल. आवाज चढवायला नको होता, ते माझं चुकलं. बावीस वेळा घेतलं ते चुकलं नाही. ती ओळ ऐकवीन तुला, मग ठरव.

तुझ्या स्नेअरचं कातडं पार गेलंय, व्हिडिओत कळतं. ते आधी बदल. शनिवारी सकाळी दहाला माझ्याकडे ये, बँडमधल्या कोणाला आणू नकोस. क्लिक लावू आणि आधी फक्त किक वाजवू.

तुझा,
दादा