दुखणे गुडघ्यातून पोटरीत का उतरले?

प्रश्न : माझे वय 46 असून मी साताऱ्यात राहतो व सहा वर्षांपासून धावतो. दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखू लागल्यावर मित्राच्या सल्ल्याने पातळ तळव्याचे बूट घेतले आणि टाचेऐवजी चवड्यावर पाऊल टाकू लागलो. गुडघा शांत झाला. परंतु यवतेश्वर घाटात सराव सुरू केला की पोटरी धरते. दोन आठवडे विश्रांती घेतल्यावर बरे वाटते आणि पुन्हा तेच घडते. या वर्षातली ही चौथी वेळ आहे. धावणे सोडावे का?

उत्तर : सोडण्याचे कारण मला दिसत नाही. आपण दोन दुखणी वेगवेगळी सांगितली आहेत, पण ती एकाच प्रकरणातली असावीत. टाचेवर उतरणाऱ्याच्या गुडघ्यावर अधिक भार येतो, तर चवड्यावर उतरणाऱ्याच्या पोटरीवर व टाचेमागच्या कंडरेवर. म्हणजे आपला भार कमी झाला नाही, तो खाली सरकला. चढावर पोटरीला आणखी राबावे लागते. मित्राचा सल्ला वाईट नव्हता, मात्र बूट एका दिवसात बदलता येतात आणि पोटरी तयार व्हायला काही महिने लागतात.

विश्रांतीने वेदना थांबते, पण दुखावलेल्या तंतूंना पूर्वीचे बळ आलेले नसते, उलट उरलेली पोटरीही दुबळी होते. चालताना दुखत नाही, ही खूण चालण्यापुरतीच खरी. म्हणून पायरीच्या काठावर चवडा टेकवून एका पायावर टाच उचलावी व सावकाश खाली आणावी. एक दिवसाआड, 8 ते 12 वेळांचे तीन फेरे. हाच व्यायाम गुडघा वाकवूनही करावा, कारण तेव्हा काम आतल्या सोलिअस स्नायूकडे जाते आणि धावण्यातला मोठा भार तोच सोसतो. बहुतेक जण नेमका हाच भाग गाळतात. व्यायाम सोपा वाटू लागला की पाठीवरच्या पिशवीत वजन घ्यावे.

धावणे सपाटीवर, एक दिवसाआड आणि सुरुवातीला एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे असे वीस मिनिटे ठेवावे. दुसऱ्या सकाळची पहिली पावले टाकताना पोटरी कुरकुरली नाही, तरच धावण्याची मिनिटे वाढवावीत. सलग तीस मिनिटे विनातक्रार जमेपर्यंत घाट व वेग दोन्ही बंद. नंतरही घाट आधी चालत चढावा आणि त्यात धावण्याची मिनिटे पेरावीत. जुने जाड तळव्याचे बूट सुस्थितीत असतील, तर तूर्त तेच वापरावेत. टाचेवर उतरण्यात कमीपणा नाही. गुडघ्याची धास्ती वाटत असल्यास वेग तोच ठेवून पाऊल आखूड करावे व मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या 5 ते 10 टक्क्यांनी वाढवावी, त्याने गुडघ्यावरचा भार घटतो.

मात्र पोटरी बसल्या जागी दुखत असेल, सुजली, लाल किंवा गरम झाली असेल, तर हे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ती शिरेतील रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी कोणाकडूनही चोळून घेऊ नये.