गुडघेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पॉइंट कसे निवडतात?

आईंचे दोन्ही गुडघे काही वर्षांपासून दुखतायत, एक्स-रेमध्ये झीज दिसते आणि 'गुडघ्याचे हमखास पॉइंट' कोणते, असं तुम्ही विचारलंय. मी अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे ठराविक जागी बारीक सुया टोचून उपचार करते, पण हमखास म्हणावेत असे पॉइंट माझ्याकडे नाहीत.

मी पेशंटला आधी एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगते. बरेच जण अख्खा तळहात गुडघ्यावर ठेवतात. मग मीच दाबून बघते, तेव्हा बहुधा आतल्या बाजूलाच "आई गं!" ऐकू येतं. ती जागा हाच पहिला पॉइंट, मग तो अ‍ॅक्युपंक्चरच्या पॉइंटच्या तक्त्यात असो वा नसो. चिनी परंपरेत त्याला 'आ-शी' म्हणतात. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या वैद्याच्या ग्रंथातही तो आहे.

बाकीचे पॉइंट त्याच्या आसपासचे. गुडघा वाकवला की वाटीखाली दोन खळगे दिसतात, ते दोन्ही घेते. आतून दुखत असेल तर एसपी ९ (तक्त्यात पॉइंटना अशी अक्षर-आकड्यांची नावं असतात): नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून बोट वर सरकवत नेलं की गुडघ्याखाली जिथे अडतं, तो खळगा. बाहेरून दुखत असेल तर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचा जीबी ३४. मांडी आखडलेली असेल तर वाटीच्या वर, दोन्ही बाजूंना एसपी १० आणि एसटी ३४. लांबचे पॉइंट एखाद-दुसरेच. दोन्ही गुडघ्यांना सगळे पॉइंट लावून सुयांचं रान करणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

आता आमच्या धंद्यात फारशी न आवडणारी गोष्ट. जर्मनीत हजारेक गुडघ्याच्या पेशंटवर झालेला मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या पॉइंटवर सुया लावलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ५१ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांना सहा महिन्यांनी चांगला फरक होता. म्हणजे सुयांच्या उपचाराने बरं वाटतं, पण अमुकच पॉइंट हवा, हा हट्ट फारसा टिकत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने तर २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊच नका म्हटलं. मी तेवढी टोकाला जात नाही, पण मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम सुरू केल्याशिवाय सुया लावत नाही. पाच-सहा बैठकांत जिना उतरताना काहीच फरक वाटला नाही तर थांबा, उगाच पैसे घालवू नका.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा जिथे जाल तिथे नोंदणी विचारा. सुई एकदाच वापरायची, पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. गुडघा गरम लागत असेल, सुजला असेल किंवा सकाळचा ताठरपणा तास-तासभर जात नसेल, तर ती नुसती झीज नसेल. आधी डॉक्टरांकडे जा.