रोज रात्री दहा आभार लिहूनही वैताग येत असेल तर चूक कोणाची?

तुम्ही विचारलंय की इंदूरच्या एका शिबिरात सांगितल्याप्रमाणे महिनाभर रोज रात्री दहा गोष्टींचे आभार लिहिले, आता वही उघडली तरी चिडचिड होते, आणि शिबिरवाले म्हणतात ‘तुम्ही मनापासून लिहीत नाही’. तर चूक तुमची की सकारात्मक मानसशास्त्राची, म्हणजे माणूस कशाने सुखी होतो हे अभ्यासणाऱ्या शाखेची?

दोघांचीही नाही. चूक सांगणाऱ्याची आहे, आणि वर तुमच्याच मनावर खापर फोडणं तर अजिबात क्षम्य नाही.

या शाखेचे प्रणेते मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली इंटरनेटवरून ५७७ लोकांवर जी चाचणी घेतली, तिच्यातल्या एका गटाला रोज रात्री दिवसातल्या चांगल्या गोष्टी लिहायला दिल्या होत्या. दहा नव्हे, तीन. तेही एकच आठवडा. आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती ‘का’ घडली हे लिहायचं होतं. शिबिरात पोहोचेपर्यंत तिनाचे दहा होतात, आठवड्याचा जन्मभर होतो आणि ‘का’ गळून पडतं. माझ्या मते खरं काम तर त्या ‘का’चं आहे.

‘घरचे चांगले आहेत, तब्येत बरी आहे, डोक्यावर छप्पर आहे’ ही यादी चौथ्या दिवशी पाठ होते, मग नुसता हात लिहितो. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘शेजारच्या काकू मटकीच्या उसळीची वाटी देऊन गेल्या.’ का? ‘परवा जिन्यात भेटल्या तेव्हा थांबून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली होती.’ आता उद्या काय करायचं ते हाताशी आलं: जिन्यात थांबायचं. ‘का’चं उत्तर ‘देवाची कृपा’ असं येत असेल तर श्रद्धा म्हणून ते ठीकच, पण या व्यायामाला पुरत नाही. कोणी, केव्हा, काय केलं हे आलं पाहिजे. गोष्ट त्याच दिवसाची हवी, लहान असली तरी चालेल. दिवस वाईट गेला असेल तर एकच लिहा, ओढूनताणून तीन करू नका.

दहाचा आकडा मुळातच घातक आहे. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्झ यांनी १९९१ मध्ये दाखवलं की स्वतःच्या ठामपणाची सहा उदाहरणं आठवायला सांगितली तर माणूस स्वतःला ठाम समजतो, बारा आठवायला सांगितली तर उलट कमी ठाम समजतो. आठवायला त्रास झाला की मन निष्कर्ष काढतं, ‘म्हणजे फारसं काही नाहीच.’ रात्री अकराला डोळे मिटत असताना आठवी, नववी, दहावी चांगली गोष्ट शोधताना तुमचं हेच होत असणार असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्रेचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात सहा आठवडे आठवड्यातून एकदा आभार लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. तेव्हा तुम्ही वही पंधरा दिवस बंद ठेवा. मग सात रात्री तीन-तीन गोष्टी, ‘का’सकट. त्यानंतर फक्त रविवारी. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना प्रसन्न वाटतं त्याला पुरावा मानू नका. सेलिगमन यांच्या २००५ च्याच चाचणीत नुसत्या बालपणीच्या आठवणी लिहिणाऱ्यांनाही आठवड्याच्या शेवटी बरं वाटलं होतं, नंतर ते ओसरलं.

त्याच चाचणीत वहीपेक्षा जोरदार परिणाम आभारपत्राचा दिसला. ज्यांचे कधी नीट आभार मानले नाहीत अशा एका माणसाला पानभर लिहायचं: त्यांनी नेमकं काय केलं, त्यामुळे पुढे काय झालं. मग समोर बसून वाचायचं, कशासाठी येतोय ते आधी न सांगता. आपल्याकडे वडिलांसमोर असं वाचणं फार अवघड जातं. मग देवासच्या शाळेतल्या बाई, उज्जैनची मावशी यांच्यापासून सुरुवात करा. व्हॉट्सॲपवर पाठवून भागवू नका. हा परिणाम महिनाभर टिकला, तीन महिन्यांनी उरला नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता ‘सुख मानण्यावर असतं’ या वाक्याबद्दल. शिबिरांत त्याला ‘चाळीस टक्के आनंद तुमच्या हातात’ असा शास्त्रीय मुलामा देतात. ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांचा २००५ चा तो अंदाज (पन्नास टक्के अनुवंश, दहा परिस्थिती, चाळीस स्वतःची कृती) माणसामाणसांतल्या फरकाबद्दल होता. एका माणसाच्या सुखाचे असे वाटे पडत नाहीत, आणि मांडणाऱ्यांनीही पुढे त्या आकड्यांचा आग्रह सोडला. परिस्थिती किरकोळ असते हे खोटं आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जर्मनीतल्या पंधरा वर्षांच्या नोंदी तपासल्या: नोकरी गेलेल्यांचं समाधान, पुन्हा काम मिळाल्यावरही, सरासरीने पूर्वपदावर आलं नाही. म्हणून ज्या सुनेला दिवसभरात टेकायला उसंत नाही, ज्या पोराची नोकरी सुटलीय, त्याला ‘मानून घे’ म्हणणं हा अन्याय आहे, आणि त्यासाठी सेलिगमन यांचं नाव वापरणं हा आणखी एक. आपल्या मध्य प्रदेशानं २०१६ साली देशातला पहिला आनंद विभाग काढला हे मला मनापासून आवडलं, पण वेळेवर पगार आणि घरातल्या कामाची वाटणी हेही आनंदाचेच विषय आहेत.

एक सांगायचं राहिलं. या व्यायामांचा परिणाम सरासरीने लहान असतो, आणि सेलिगमन यांच्या चाचणीतले लोक स्वतःहून आनंदी व्हायला आलेले होते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर हे उपचार नव्हेत. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.