पोलॅरिटॉनचा स्पिन वळवायला चुंबक कशाला?

खानापूरच्या एमएस्सीवाल्या मित्राचा प्रश्न आहे, मायक्रोकॅव्हिटीत (दोन आरशांमधल्या सूक्ष्म पोकळीत) चुंबक न लावता पोलॅरिटॉनचा स्पिन कसा फिरवतात, आणि बेळगावात राहून यातलं काही हाताळता येईल काय.

आधी स्पिन म्हणजे गरगरणारा भोवरा, हे चित्र डोक्यातून काढ. समोरासमोरच्या दोन आरशांत कोंडलेला फोटॉन आणि मधल्या क्वांटम वेलमधला (अर्धवाहकाच्या अतिपातळ थरातला) एक्सायटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होलची जोडी, एकमेकांत इतके मिसळतात की वेगळे राहत नाहीत, तो पोलॅरिटॉन. 1992 साली वाइसबुख आणि सहकाऱ्यांनी तो दाखवला. त्याचा स्पिन +1 किंवा −1. काही पिकोसेकंदांत तो संपतो आणि फोटॉन बाहेर पडतो, उजवा नाहीतर डावा सर्क्युलर पोलराइज्ड, म्हणजे विद्युत क्षेत्र गोल फिरत जाणारा. म्हणजे प्रकाश तपासला की स्पिन कळला.

आता चुंबकाचं. तिरप्या जाणाऱ्या प्रकाशासाठी कॅव्हिटीत टीई (विद्युत क्षेत्र आरशांना समांतर) आणि टीएम (चुंबकीय क्षेत्र समांतर) पोलरायझेशनची ऊर्जा किंचित वेगळी असते. हाच फरक स्पिनला चुंबकीय क्षेत्रासारखा जाणवतो! गंमत अशी की पोलॅरिटॉनची दिशा φ ने वळली की हे क्षेत्र 2φ ने वळतं. लिनिअर पोलराइज्ड (क्षेत्र एकाच रेषेत डोलणारा) लेसर टाकला, तर पोलरायझेशनच्या दिशेनं किंवा तिला काटकोनात जाणाऱ्यांचा स्पिन जागचा हलत नाही. 45 अंशांवर जाणाऱ्यांचा मात्र फिरून सर्क्युलर होतो, आणि शेजारशेजारच्या चतुर्थांशांत उलटसुलट. काव्होकिन वगैरेंनी 2005 मध्ये हे भाकीत केलं, 2007 मध्ये प्रयोगात दिसलं. नाव ऑप्टिकल स्पिन हॉल इफेक्ट.

दुसरी किल्ली एक्सायटॉनच्या वाट्याची. सारख्या स्पिनचे पोलॅरिटॉन एकमेकांना जोरात ढकलतात, विरुद्ध स्पिनचे सहसा फार कमी गुंततात. त्यामुळे सर्क्युलर लेसरनं एकाच स्पिनची गर्दी केली की त्याचीच ऊर्जा वर सरकते. 2010 मधले स्पिन स्विच यावरच चालले. द्रवस्फटिक भरलेल्या कॅव्हिटीत व्होल्टेजनं स्पिन-ऑर्बिट (गतीच्या दिशेचा स्पिनशी असलेला संबंध) बदलल्याचं 2019 मध्ये वॉर्सात दाखवलं, तेही साध्या तापमानाला. पण त्यात एक्सायटॉन नव्हता, नुसता प्रकाश होता; बातम्या वाचताना एवढं बघत जा.

गॅलियम आर्सेनाइडच्या नमुन्याला द्रव हेलियमची थंडी लागते, ती आपल्याकडच्या कॉलेज लॅबमध्ये कुठली मिळणार? पण क्वार्टर वेव्ह प्लेटचं (लिनिअर प्रकाश सर्क्युलर करणाऱ्या चकतीचं) प्रॅक्टिकल उरकून टाकू नकोस. लेसरसमोर पोलरायझर, मग 45 अंशांवर प्लेट, मग दुसरा पोलरायझर फिरव. उजेड कमीजास्त झाला नाही तर सर्क्युलर जमलं. उजवा की डावा ओळखायला दुसरी प्लेट घाल. मोठ्या प्रयोगशाळांतही स्पिन असाच वाचतात. मग स्टोक्स पॅरामीटर (पोलरायझेशन सांगणारे आकडे) मोज आणि पोआंकारे गोलावर मांड, त्याचा प्रत्येक बिंदू म्हणजे एकेक पोलरायझेशन. त्या बिंदूकडे जाणारा बाण म्हणजेच लेखांतला स्यूडोस्पिन.