घरी पहिलं समुद्री मत्स्यालय करायचं आहे. पाणी, वाळू, दगड कोकणातून आणले तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात फ्लॅटमध्ये तीन फुटी टाकी करायची आहे, गोड्या पाण्यातल्या माशांचा चार वर्षांचा अनुभव आहे, अलिबागला नेहमी जाणं होतं म्हणून पाणी, वाळू आणि दगड तिथूनच आणायचा विचार आहे, आणि लेकीला ‘निमो’ आणि ‘डोरी’ दोन्ही हवेत. मी कोथरूडला राहते. माझी समुद्री टाकी सात वर्षं चालू आहे. त्यातल्या पहिल्या वर्षात मी बरेच जीव गमावले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाणी. माझं माहेर मालवणचं. पहिल्या टाकीसाठी भावाने चिवला किनाऱ्यावरून वीस-वीस लिटरचे सहा कॅन भरून गाडीतून आणले होते. काचेच्या पेल्यात धरलं तर नितळ दिसत होतं. तिसऱ्या दिवशी झाकणं उघडली तर कुजका वास. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. बंद कॅनमध्ये प्राणवायू संपला की ते मरतात आणि सगळं पाणी नासवतात. अलिबागचं पाणी त्याहून गढूळ, आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून त्याचा खारटपणाही उतरतो. शिवाय टाकीला दर आठवड्याला दहाएक टक्के नवं पाणी लागतं. तेवढ्यासाठी कोणी दर रविवारी घाट उतरणार नाही.

म्हणून पाणी घरीच बनवायचं: मत्स्यालयासाठीचं तयार समुद्री मीठ आणि शुद्ध पाणी. किराणा दुकानातलं खडे मीठ का चालत नाही, हे मिठागर पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. वाफ्यात पाणी आटत जातं तसा कॅल्शियमचा बराचसा भाग आधीच खाली बसतो, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. आपल्या हातात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. समुद्र म्हणजे तेवढंच नव्हे. मत्स्यालयाच्या मिठात हे सगळे क्षार समुद्राच्या प्रमाणात परत घातलेले असतात.

३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ १९० लिटर मावतात; वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर १५० धरा. लिटरला ३५ ग्रॅम क्षार हवेत. मिठात थोडी आर्द्रता असते म्हणून प्रत्यक्षात ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्या भरणीला साडेपाच ते सहा किलो. बादलीत पाणी, छोटा पंप आणि मग मीठ, या क्रमाने घाला आणि रात्रभर फिरू द्या. माशांच्या टाकीत कोरडं मीठ कधीही ओतू नका.

शुद्ध पाणी म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी पिण्यासाठी उत्तम असतं, पण बहुतेक घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. माझ्या यंत्राचं पाणी मोजलं तेव्हा आकडा ७० आला होता. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो सगळ्यात आधी घ्या. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या बारीक मण्यांची) नळकांडी जोडली आणि मधला मिसळणीचा व्हॉल्व्ह व खनिजांची कॅन्डल वगळली की काम होतं. बोअरचं पाणी असेल तर रेझिन लवकर संपेल, त्याची तयारी ठेवा. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरता येतं. टाकीतून काढलेलं खारं पाणी मात्र कुंड्यांना घालू नका, झाडं मरतात.

आता ती गोष्ट, जी मला कोणी सांगितली असती तर पहिल्या उन्हाळ्यातल्या माझ्या गोगलगाई वाचल्या असत्या. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. एप्रिलमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत, टाकीवर पंखा लावलेला असताना, माझ्याकडे दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडतं. पातळी खाली गेली की मी बादलीतलं तयार खारं पाणी ओतत होते. तीन आठवडे मी रोज मीठ वाढवत होते आणि मला पत्ता नव्हता. १५० लिटरमधले १० लिटर उडाले तरी ३५चा आकडा साडेसदतीसवर जातो. माझी टाकी त्याच्याही पुढे गेली. गोगलगाई काचेवरून गळून पडल्या, मग कोळंबी गेली, आणि तेव्हा कुठे मी मोजलं. उडालेलं पाणी शुद्ध गोड्या पाण्यानेच भरायचं, रोज, आणि टाकीवर पट्टी चिकटवून एक खूण करून ठेवायची. शक्य असेल तर आपोआप पाणी भरणारा फ्लोटचा पंप बसवा. माझ्या दृष्टीने तो भारी दिव्यापेक्षा कितीतरी गरजेचा आहे.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तरंगत्या काट्याची स्वस्त उपकरणं मला कधी सरळ आकडा देत नाहीत. तो ३५च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं तरी ३५पाशी चुकू शकतो.

वाळू आणि दगडांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. किनाऱ्यावरून काहीही आणू नका. कोकणातली वाळू बऱ्याच ठिकाणी सिलिकाची असते, रत्नागिरीच्या बाजूला तर इल्मेनाइटची काळी वाळू आहे. आपल्याला हवी असते ती कॅल्शियम कार्बोनेटची, अरॅगोनाइट वाळू. ती पिशवीत विकत मिळते. आणि दगड म्हणून जे लोक उचलून आणतात ते बऱ्याचदा प्रवाळ असतं, मेलेलं किंवा जिवंत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या आल्या. वाघाला जे संरक्षण होतं तेच तेव्हा यांना मिळालं. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मी लहानपणी आजोबांच्या होडीतून ओहोटीला खडकावर उतरायचे तेव्हा खाली जे रंग दिसायचे, तेवढे आज दिसत नाहीत. घरात समुद्र हवा म्हणून खरा समुद्र उकरायचा नाही, इतकं तुम्ही लेकीला सांगितलंत तरी मला बरं वाटेल. बाजारात कोरडा, सच्छिद्र कृत्रिम दगड मिळतो, १२ ते १५ किलो पुरे. कोणी दुकानात ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातून जिवाणूंसकट काढलेला दगड) म्हणून काही दाखवलं आणि त्याची कागदपत्रं नसतील, तर घेऊ नका.

दगड सच्छिद्र का, तर त्याच्या भोकांत जिवाणू राहतात. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया होतो, हे जिवाणू त्याचा आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात; गोड्या पाण्यात तुम्ही हे चक्र पाहिलंच असेल. इथे फरक असा की समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, आणि या पीएचला अमोनियाचा विषारी भाग पीएच ७च्या पाण्यापेक्षा साधारण दहापट असतो. तिथे जेवढा अमोनिया मासे सोसून नेत होते, तेवढ्यात इथे ते मरतील. मला दुकानदाराने सांगितलं होतं, चार डॅमसेल (लहान, चिवट समुद्री मासे) टाका, चक्र आपोआप बसेल. त्यातले दोन मासे कल्ले जळून मेले. उरलेल्या दोघांनी पुढे सहा महिने प्रत्येक नव्या माशाला फाडून काढलं, शेवटी सगळे दगड बाहेर काढून त्यांना पकडावं लागलं. कोणत्याही जिवाला या कामाला जुंपू नका.

त्याऐवजी अमोनियम क्लोराईड वापरा. हा म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाले वापरतात तोच. पण त्यांच्याकडचा नको, प्रयोगशाळेचा शुद्ध घ्या. १५० लिटरला साधारण एक ग्रॅम टाकला की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. बाटलीतले जिवाणू मिळाले तर टाका, वेळ थोडा वाचतो. मग दर दोन दिवसांनी मोजत राहा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. पुन्हा एक ग्रॅम टाकल्यावर २४ तासांत दोन्ही शून्य झाले तर टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात, माझ्या दुसऱ्या टाकीला सात लागले. मध्ये काचेवर आणि वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसेल. ते डायटम (सूक्ष्म शेवाळ) आहेत, काही आठवड्यांत ओसरतात. घाबरून औषधं टाकू नका.

यंत्रांचं थोडक्यात. प्रोटीन स्किमर घ्या. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे होतात, घाण त्यांना चिकटून वर कपात येते. पाणी फिरवायला एक वेव्हमेकर. दिवा सुरुवातीला साधा चालेल, कारण पहिलं वर्षभर प्रवाळ ठेवायचंच नाही. तापमान २५-२६वर धरायचं. पुण्यात उन्हाळ्यात पंखा चांगलं काम करतो, कारण हवा कोरडी. मुंबईच्या माझ्या नणंदेला दमट हवेमुळे शेवटी चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्यावा लागला. डिसेंबर-जानेवारीत इथे हीटर हवाच.

आणि गुरुवार! आपल्याकडे देखभालीची वीज गुरुवारी जाते, कधी चारपाच तास. पंप थांबले की उन्हाळ्यात प्राणवायू झपाट्याने उतरतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप किंवा इन्व्हर्टरवर निदान वेव्हमेकर, यातलं एक पहिल्या दिवसापासून असू द्या. प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळावरून जमिनीवर टपकेल. त्या लाइनवर ईएलसीबी (वीज गळली की लाइन बंद करणारा स्विच) बसवून घ्या. खारं पाणी आणि लहान मूल एका खोलीत असताना यात काटकसर नको. भरलेली टाकी स्टँड सोडून अडीचशे किलोच्या आसपास जाते, म्हणून खोलीच्या मध्यात न ठेवता भिंतीला लागून, शक्यतो बीमवर ठेवा.

आता निमो आणि डोरी. निमो, म्हणजे ऑसेलॅरिस क्लाउनफिश, जरूर घ्या. नवशिक्यासाठी याहून चांगला मासा नाही. तो टाकीतच पैदास झालेला मिळतो. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास करून दाखवली आहे, आणि आता आपल्या ऐरोलीलाही होते. दुकानात ‘पैदास केलेला आहे का’ असं विचारूनच घ्या. दोन पिल्लं घ्या, एक लहान, एक जरा मोठं. हे मासे नर म्हणूनच जन्मतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप जमते. समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन, ज्यात क्लाउन राहतो तो जीव) लगेच घेऊ नका. क्लाउनला ते नसलं तरी चालतं, आणि नव्या टाकीत ते जगत नाही. मेलं तर अख्खी टाकी घेऊन जातं.

डोरी मात्र नाही. हा निळा टँग फूटभर वाढतो, दिवसभर लांब पोहतो, त्याला निदान सहा फुटी टाकी हवी. बहुतेक मासे समुद्रातून पकडून आणलेले असतात आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, समुद्री इक, यांना फार लवकर धरतो. तो एकदा टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते. तांब्याचं औषध मुख्य टाकीत टाकता येत नाही, गोगलगाई-कोळंबी मरतात आणि दगड तांबं शोषून घेतो. म्हणून एक साधी दोन फुटी रिकामी टाकी बाजूला ठेवा आणि येणारा प्रत्येक मासा आधी तिथे तीनचार आठवडे सांभाळा. लेकीला निळा-जांभळा रंग हवा असेल तर क्लाउन स्थिरावल्यावर रॉयल ग्रामा बघा, महाग आहे पण तीन फुटीत सुखाने राहतो. फायरफिशही चालेल, फक्त टाकीला जाळीचं झाकण हवं. तो उडी मारतो. मँडरिन कितीही देखणा दिसला तरी नको. तो बहुधा जिवंत बारीक किडेच खातो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो.

खर्चाचं म्हणाल तर माझे पैसे माशांवर सगळ्यात कमी गेले. टाकी-स्टँड, स्किमर, आरओ-डीआय, मीठ आणि टेस्ट किट यांतच बहुतेक संपले. बजेट ताणत असेल तर टाकी लहान करू नका, सुरुवात दोन महिने पुढे ढकला. पाणी जितकं कमी तितके आकडे लवकर हलतात.

दिवस विचाराल तर दिवाळीनंतर पाणी भरा. हवा सौम्य असते, वाफ कमी उडते, हीटरवर २६ धरून चक्र डिसेंबरअखेर पूर्ण होईल. क्लाउनची जोडी एव्हाना बाजूच्या टाकीत आली असेल, ती जानेवारीत मोठ्या टाकीत जाईल. मार्चचं ऊन लागेपर्यंत तुम्हाला रोज किती पाणी उडतं याचा अंदाज आलेला असेल.